रविवारचा तवा

आठवड्याचे सहा दिवस मनुष्य न्याहारी करतो ती घड्याळाकडे पाहून. चहाचा पेला, कालच्या पोळीचा चतकोर, फार तर बशीभर पोहे, एवढ्यावर घरातील मंडळी आपापल्या वाटेने पांगतात. सातव्या दिवशी मात्र घड्याळाची सत्ता थोडी ढिली पडते आणि न्याहारीला न्याहारीचे रूप येते. त्या दिवशी तव्यावरून सरळ ताटलीत उतरणारे असे काहीतरी गरम खावे ही इच्छा पुण्यामुंबईच्या घरात जशी उत्पन्न होते, तशीच इंदूरच्या, बडोद्याच्या, तंजावरच्या आणि दिल्लीच्या मराठी घरातही होते. ती पुरी करण्यास पिढ्यान् पिढ्या उपयोगी पडत आलेला, थोडक्या साहित्यात होणारा आणि हवे ते रूप घेणारा पदार्थ म्हणजे धिरडे.

धिरडे हा शब्द येथे थोड्या व्यापक अर्थाने घ्यावयाचा आहे. धान्याचे पीठ पाण्यात कालवावे, तापल्या तव्यावर ओतावे आणि भाजून उतरावे, एवढीच त्याची व्याख्या. या एका कुळाच्या शाखा मात्र किती! तांदळाचे पातळ, जाळीदार ते कोकणचे घावन. आंबवलेल्या पिठाची, जाडसर आणि मऊ ती मालवणकडची आंबोळी. बेसनाचे, कणकेचे, ज्वारीचे ते देशावरचे धिरडे. महाराष्ट्राची सीमा ओलांडली की हेच कुटुंब नवी नावे धारण करून भेटते. गुजरातेत ते पुडला होते, उत्तरेत चिला, आंध्रात मुगाचा पेसरट्टू, तमिळनाडूत डाळींची अडै. तुळुनाडातील नीरदोसा तर कोकणच्या घावनाचा सख्खा भाऊच शोभतो. बंगालमध्ये पौषसंक्रांतीला नारळ आणि खजुराचा गूळ पोटात घेऊन ते पाटिसापटा या नावाने अवतरते. समुद्रापलीकडे इंग्रजांचा पॅनकेक, फ्रेंचांचा क्रेप, रशियनांची ब्लिनी आणि इथिओपियातील टेफ नावाच्या बारीक धान्याचा इंजेरा, ही सर्व त्याचीच भावंडे. कूळही काही आजकालचे नव्हे. अपूप हा शब्द ऋग्वेदात येतो. आणि कल्याणीच्या चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या मानसोल्लास या ग्रंथातील पाकप्रकरणात धोसक नावाच्या पदार्थाची नोंद आहे. राजाच्या मुदपाकखान्यापासून गरिबाच्या चुलीपर्यंत ज्याचा संचार आहे, असे पदार्थ थोडेच असतात.

या पदार्थाचा एक स्वभाव मात्र त्याची स्तुती करताना सहसा ध्यानात घेतला जात नाही. पोहे किंवा सांजा एकदा शिजला की सर्वांच्या बशा एकदम भरता येतात आणि करणाऱ्यालाही पंक्तीत बसता येते. धिरड्याचे तसे नाही. ते एका वेळी एकच होते आणि ते गरम आहे तोवरच त्याची गोडी. तव्यावरून उतरल्यावर पाच मिनिटांत त्याच्या कडा मऊ पडतात आणि दहा मिनिटांत त्याचे चामडे होते. म्हणून घरातील मंडळी ताटल्या घेऊन ओळीने बसतात आणि एक व्यक्ती तव्यापाशी उभी राहते. पहिले धिरडे धाकट्याला, दुसरे थोरलीला, तिसरे आजोबांना, चौथे पुन्हा धाकट्याला, कारण त्याचे पहिले संपलेले असते. कुणाला कुरकुरीत हवे, कुणाला मऊ, कुणाला मिरचीवाचूनचे. अशी दोनतीन आवर्तने झाली, मंडळी तृप्त होऊन वर्तमानपत्राकडे वळली, म्हणजे पातेल्याच्या बुडाशी उरलेले घट्ट पीठ खरवडून एक वेडेवाकडे, जाड धिरडे तव्यावर पडते. ते उभ्याउभ्याच खाल्ले जाते. ते कोण खाते हे कोणत्याही मराठी घरात विचारावे लागत नाही.

ज्या रविवारी हे घडते त्या रविवाराचा इतिहास या ठिकाणी आठवण्यासारखा आहे. आठवड्याची सुटी ही निसर्गाची देणगी नव्हे. ती मागून, भांडून मिळवावी लागली. मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांना पूर्वी ठरलेली साप्ताहिक सुटी नव्हती. सत्यशोधक विचारांचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभी केली आणि सुटीची मागणी लावून धरली. रविवार हा साहेबाच्या प्रार्थनेचा दिवस, तसाच तो खंडोबाचाही वार. त्यामुळे ही मागणी गिरणीतल्या मराठी माणसाला परकी वाटण्याचे कारण नव्हते. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली, ही गोष्ट त्या काळाचा विचार करता फार मोठी होती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली आणि पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कारखान्यांच्या कायद्याने, आठवड्याच्या सुटीला कायद्याचा आधार मिळाला.

गिरणीचा भोंगा रविवारी थांबला. चूल मात्र थांबली नाही. किंबहुना सर्वजण घरी म्हणून त्या दिवशी ती अधिकच पेटली. त्या सभेत बोलावयास उभ्या राहिलेल्या स्त्रियांसारख्या कितीजणी पुढच्या रविवारी गिरणीतून मोकळ्या होऊन सरळ चुलीपाशी उभ्या राहिल्या असतील, याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. अलीकडे मात्र अशा गोष्टींची मोजदाद होऊ लागली आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशातील लोक आपला वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया घरातील बिनमोल कामात सहभागी होत्या, पुरुषांपैकी २६.१ टक्के. जे सहभागी होते त्यांतही स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटांचा, म्हणजे जवळजवळ पाच तासांचा, आणि पुरुषांचा ९७ मिनिटांचा आढळला. १८९० साली मिळालेली सुटी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी थबकली ती अद्याप पुरती आत गेलेली नाही, असाच या आकड्यांचा अर्थ होतो.

येथे धिरड्याचा दुसरा गुण उपयोगी पडतो. हा पदार्थ करणाऱ्याला सर्वांत जास्त अडकवून ठेवतो हे खरे. परंतु नवख्याच्या हाती देण्यासही याच्याइतका योग्य पदार्थ नाही. पुरणाची पोळी लाटावयास वर्षांचा सराव लागतो. उकडीच्या मोदकाच्या कळ्या कुणाला सांगून येत नाहीत. धिरड्याला मात्र ना लाटणे लागते, ना मळणे, ना वळणे. ज्याला पळी धरता येते त्याला धिरडे घालता येते. आणि ते बिघडले तरी खाता येते. तेव्हा रविवारची पळी घरात ज्याच्या हाती कधी नसते त्याच्या हाती द्यावयाची असेल, तर आरंभ येथूनच करावा.

नवख्याने तीन गोष्टी सांभाळल्या म्हणजे पुरे. पहिली गोष्ट पिठाची. घावनासाठी तांदूळ रात्री भिजत घालून सकाळी बारीक वाटावे आणि मिठासह पाणी घालून ताकासारखे पातळ करावे. वाटण्याची सोय नसेल तर एक वाटी तांदळाच्या पिठाला सुमारे दोन वाट्या पाणी चालते. हे पीठ तळाशी बसते, म्हणून दर वेळी पळीने ढवळूनच घ्यावे. हे विसरल्यास पहिली घावने फाटतात आणि शेवटची दगड होतात. बेसनाच्या धिरड्याला वाटीला वाटीभर पाणी, त्यात ओवा, हळद, मीठ, बारीक चिरलेला कांदा, मिरची आणि कोथिंबीर. आंबोळीला तीनचार वाट्या तांदळास एक वाटी उडदाची डाळ आणि चिमूटभर मेथ्या. मुंबईच्या हवेत हे वाटण रात्रीतून फुगते, पण दिल्ली-ग्वाल्हेरच्या थंडीत त्याला उबेची जागा आणि दुप्पट वेळ द्यावा लागतो. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी हिवाळाभर घावनावर भागवावे. ते आंबवणाची वाट पाहत नाही.

दुसरी गोष्ट तव्याची. पोळीचा कोरडा तवा धिरड्याला कामाचा नाही. पीठ त्याला घट्ट धरून बसते. धिरड्यासाठी बिडाचा वेगळा तवा ठेवावा आणि त्यावर अर्धा कापलेला कांदा तेलात बुडवून फिरवावा. तवा तापला की नाही हे जुन्या बायका पाण्याचे दोन थेंब टाकून पाहतात. तवा कोमट असेल तर थेंब तेथेच पसरून आटतात. पुरेसा तापला असेल तर त्यांचे मोती होऊन ते तव्यावर धावू लागतात. थेंबाखाली वाफेचा पातळ थर तयार होऊन तो थेंबाला उचलून धरतो, म्हणून असे होते. या चमत्काराचे वर्णन योहान गोटलोब लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ साली केले आणि शास्त्रात तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. असा तवा घावनाला हवा. कारण पातळ पिठातील पाण्याची एकदम वाफ होऊन ती वर फुटते तेव्हाच जाळी पडते. आंबोळीची छिद्रे वेगळ्या कारणाने पडतात. तेथे आंबवणात निर्माण झालेला वायू आधीच पिठात दडलेला असतो, म्हणून तिला मध्यम आच पुरते. गुळाच्या धिरड्याला तर मंदच आच हवी. नाही तर आत कच्चे आणि बाहेर कोळसा.

तिसरी गोष्ट ओतण्याची. घावनाचे पीठ पळीने किंवा वाटीने थोड्या उंचीवरून, कडेकडून आत असे ओतीत यावे आणि मग त्याला हात लावू नये. पळीने पसरण्याचा मोह अनेकांना आवरत नाही आणि जाळी तेथेच बुजते. वर झाकण ठेवावे. कडा सुटून वर आल्या की घावन झाले. ते उलटण्याची गरज नसते. आंबोळी आणि बेसनाचे धिरडे मात्र मधून बाहेर पसरावे. इतके करूनही पहिले धिरडे बहुधा तव्याला चिकटते, कारण तव्याची उष्णता अजून सगळीकडे सारखी झालेली नसते आणि तेल मुरलेले नसते. यात खचण्याजोगे काही नाही. रशियन भाषेत तर पहिल्या ब्लिनीचा गोळा होतो अशा अर्थाची म्हणच आहे आणि ती आयुष्यातील कोणत्याही पहिल्या प्रयत्नाला लावतात.

एवढे साधले की पुढचा प्रांत कल्पकतेचा आहे आणि तेथे मुलांचे राज्य असावे. मोठ्या काकडीच्या किसात मावेल तेवढेच तांदळाचे पीठ आणि गूळ कालवून, पाण्याचा थेंब न घालता, धिरडी होतात. वाटलेल्या पालकाची हिरवी, बिटाच्या रसाची तांबडी. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून पाळले तेव्हापासून नाचणीकडे शहरी लोकांचेही लक्ष गेले आहे. नाचणीच्या पिठात धरून ठेवण्याचा गुण कमी, म्हणून त्यात थोडे तांदळाचे किंवा बेसनाचे पीठ मिसळावे, म्हणजे उलटताना ते मोडत नाही. गोड खाणाऱ्यांसाठी वाटीभर कणकेला पाऊण वाटी गूळ पाण्यात विरघळवून घालावा, वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मीठ टाकावे. पाण्याचा अंदाज एवढाच की पीठ पळीवरून संथपणे पडले पाहिजे.

याच गोड पिठात मुलांची खरी मौज आहे. वडील माणूस शेजारी उभे असावे आणि आच मंद असावी. मुलाने चमच्याच्या टोकाने तव्यावर पिठाची रेघ सोडून एखादे अक्षर काढावे. ते मिनिटभर भाजू द्यावे आणि मग त्यावर पळीभर पीठ ओतून धिरडे पुरे करावे. उलटल्यावर सोनेरी पृष्ठावर तपकिरी अक्षर उमटलेले दिसते. कारण ते आधी तव्यावर पडले आणि अधिक भाजले. परंतु ते उलटे उमटते. आपल्या नावाचे आद्याक्षर सरळ दिसावयाचे तर ते तव्यावर आरशातल्यासारखे काढावे लागते, हे मुलाला पहिल्या फजितीनंतर आपोआप समजते. ‘ठ’ काढणाराला ही अडचण नाही; तो दोन्ही बाजूंनी सारखाच. शाळेत ज्याला अक्षर गिरविण्याचा कंटाळा येतो असा मुलगाही या पाटीवर चारचार वेळा गिरवितो, कारण चुकलेले अक्षर खाऊन टाकता येते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कुटुंबांना या बाबतीत एक जास्तीची सोय आहे. शेजारीण हीच त्यांची पाठशाळा. कोलकात्यातील मराठी घराने गुळाच्या धिरड्यात खोबऱ्याचे सारण गुंडाळावे, हैदराबादच्या घराने हिरवे मूग भिजत घालावे, बडोद्याच्या घराने पुडल्याची कृती विचारून यावी. गोव्यात पोर्तुगीज वळणाच्या पातळ धिरड्यात गूळखोबरे भरून आलेबेल करतात. परक्याचे रूप आणि घरचे सारण यांचा तेथे सुखाचा संसार झाला आहे. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले आणि वाटीचमच्याच्या मापामुळे नवशिक्या हातांनाही धीर आला. परंतु धिरड्याची उत्तम विद्या अजूनही दाराबाहेरच्या दोन वाक्यांच्या संभाषणातूनच एका घरातून दुसऱ्या घरात जाते.

हा पदार्थ घरातील सर्वांनी मिळून करावा ही कल्पनाही काही नवीन नाही. इंग्लंडमध्ये उपवासाच्या चाळीस दिवसांपूर्वी घरातील अंडी, दूध, लोणी संपविण्यासाठी मंगळवारी पॅनकेक करण्याची चाल आहे. ओल्नी या गावी त्या दिवशी स्त्रिया कढई हातात घेऊन, पॅनकेक उडवीत धावण्याची शर्यत लावतात आणि ती १४४५ सालापासून चालत आल्याचे गावकरी सांगतात. फ्रान्समध्ये २ फेब्रुवारीला एका हातात नाणे धरून दुसऱ्या हाताने क्रेप उलटवावयाचा असतो; तो नीट उलटला तर वर्ष भरभराटीचे जाते अशी समजूत आहे. वर्ष सर्वांचेच भरभराटीचे जावयाचे असल्यामुळे कढईपाशी येण्यास कुणी सबब सांगत नाही. कोकणात गौरीला घावन-घाटल्याचा नैवेद्य असतो. गूळ आणि नारळाच्या रसातल्या त्या घाटल्याची चव घरातील सर्वांना ठाऊक असते. परंतु घावनाच्या पिठात पाणी किती, हे त्यांपैकी कितीजणांना सांगता येते?

रविवारच्या तव्यासाठी एक साधा नियम करण्यासारखा आहे. चार धिरडी झाली की पळी दुसऱ्याच्या हाती जावी. घरात पाच माणसे असतील तर कुणालाही वीस मिनिटांहून अधिक उभे राहावे लागणार नाही आणि प्रत्येकाला निदान एकदा गरम धिरडे बसून खाता येईल. आरंभी काही बिघडतील. एखादे जळेल, एखादे फाटेल, एखाद्याचा नकाशा होईल. त्यावर स्वयंपाकघराच्या जुन्या मालकिणीने आतून सूचना करण्याचा मोह आवरावा, कारण सूचना देत राहणे हेही एक प्रकारचे उभे राहणेच आहे. आणि दुसरा नियम असा, की तव्याची पहिली फजिती उरकल्यावर जे पहिले चांगले, जाळीदार धिरडे उतरेल, ते धाकट्याला नव्हे, तर इतकी वर्षे पातेल्याच्या बुडाशी उरलेले जिने खाल्ले तिच्या ताटलीत वाढावे. सवयीने ती म्हणेल, “आधी मुलांना द्या.” तेव्हा मुलांनीच तिला सांगावे, “आई, तू बस. आमची होताहेत.”